गेट नंबर दोनचा कबुलीजबाब

चहा यायच्या आत सांगून टाकतो. चहा आल्यावर सांगितलं तर तो तुमच्या नाकातून बाहेर येईल आणि वर मलाच शिव्या द्याल.

पोलिसांनी पकडल्यावर गुन्हा कबूल करणारी माणसं तुम्ही ऐकली असतील. दोन फटके खाऊन कबूल करणारीही असतील. पण कुणी काही विचारलेलं नाही, कुणाला कसला संशय नाही, आणि गडी आपणहून चारचौघांत, वर फोनच्या स्पीकरवर, सगळं ओकून मोकळा झालाय, असा माणूस पाहिलाय कधी? नसेल तर आता बघून घ्या. तुमच्यासमोरच बसलाय.

आमच्या बायकोचं, सुजाताचं, म्हणणं असं, की माझ्या पोटात तीळ भिजत नाही. म्हणजे काय, तर एकदा तिच्या वाढदिवसाला गुपचूप साडी घ्यायला गेलो आणि दुकानातूनच तिला फोन करून विचारलं, "तुला सांगायचं नाहीये, पण हिरवी घेऊ का जांभळी?" आता सांगा, असल्या माणसानं खोटं बोलून नोकरी मिळवायला जावं का?

पण गेलो. कारण वेळच तशी आली होती.

आमचं घर देहूरोडला. मी भोसरीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये प्रेस मशिनवर होतो. ते वर्कशॉप एक दिवस उठून दुसऱ्या जिल्ह्यात गेलं आणि मी राहिलो इथंच. आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, सगळी हयात एका कारखान्याच्या भोंग्यावर काढलेली. ते म्हणाले, "विलास, मशिन बदलतात, कंपन्या बदलतात, पण माल इकडचा तिकडं न्यावाच लागतो. ड्रायव्हर हो." मलाही पटलं. खरं सांगतो, लहानपणापासून मला ट्रकच्या उंच सीटवर बसायची हौस होती. रीतसर ड्रायव्हिंगच्या शाळेत शिकलो, परीक्षा दिली, जड वाहनाचं लायसन काढलं. वयाच्या एकतिसाव्या वर्षी मी ड्रायव्हर झालो!

फक्त गाडी नव्हती, आणि कुणी द्यायलाही तयार नव्हतं.

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत मी दारोदार फिरलो. सगळीकडे एकच संवाद.

"अनुभव किती?"

"नवीन आहे, साहेब."

"मग थोडा अनुभव घेऊन या."

"कुठून घेऊ?"

"गाडी चालवा की कुठंतरी."

"तेच तर आलोय, साहेब. द्या गाडी."

"अनुभव किती?"

दोन महिने हा खेळ चालला. दाढी आधीपासून होतीच, ती आणखी वाढली. शेवटी माझा मेव्हणा पुढं आला. त्याचा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे. तो चार नातेवाइकांसमोर म्हणाला, "दाजी, सोमवारपासून माझ्याकडं या. खुर्च्या मोजायला एक भरवशाचा माणूस पाहिजेच आहे." मेव्हण्याच्या खुर्च्या! अहो, माणूस वाईट नाही तो. पण मनात ट्रकचं स्टिअरिंग धरून बसलेल्या माणसाला प्लास्टिकच्या खुर्च्या धरायला सांगणं म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच कळतं. सुजाता नुसतं म्हणाली, "सोमवारला अजून चार दिवस आहेत. आधी ती दाढी काढा."

दाढी काढली आणि दत्ताला गाठलं.

दत्ता मारुंजीचा, माझा जुना दोस्त. नानाशेठच्या गाडीवर बरीच वर्षं ड्रायव्हर आहे. नानाशेठ म्हणजे चिंचवड गावठाणातले जुने शेतकरी. शेतात आता सोसायट्या उभ्या आहेत आणि शेठच्या बारा गाड्या चाकणच्या कंपन्यांना माल पुरवतात. त्यांना एक ड्रायव्हर हवाय, हे दत्तानंच मला सांगितलं होतं.

"पर नवीन हाय म्हणून सांगू नगंस," दत्ता म्हणाला. "आठ वर्सं सांग."

"आठ? अरे, आठ दिवस सांगायचीसुद्धा माझी हिंमत नाही!"

"आठच सांग. पाच सांगितली तर कुठं कुठं चालवली म्हणून इचारत्यात. धा सांगितली तर दारू पितो का म्हणून इचारत्यात. आठ बरोबर हाय. आन् एक ध्यानात ठेव भावा, जास्त बोलू नगंस. जुना ड्रायव्हर बोलत न्हाई. आन् कुणाला काय इचारू तर अजाबात नगंस. त्याला समदं ठावं असतं."

"आणि तुझं नाव?"

"माजं नाव जर मधी आलं ना राव, तर बघ. शेठच्या भाकरीवर हाय मी."

मी त्याच्या हातावर हात मारून वचन दिलं. माझ्या पोटात तीळ भिजत नाही हे त्याला माहीत नव्हतं का? होतं की! पण दोस्ती आंधळी असते.

गुरुवारी नानाशेठसमोर उभा राहिलो. यार्डाच्या कडेला पत्र्याचं ऑफिस, त्याच्या पायरीवर शेठ भाजलेल्या शेंगा खात बसलेले. अंगात पांढरा सदरा, पायात कोल्हापुरी.

"किती वर्सं चालवतोस?"

"आठ."

"कुठं कुठं?"

"सगळीकडं."

त्यांनी एक शेंग फोडली, माझ्याकडं पाहिलं आणि उभ्या सहाचाकी ट्रककडं बोट केलं. "मार एक चक्कर. मंग रिव्हर्स लाव भिताडाला."

आता ऐका, मी काय केलं ते. शाळेत शिकवलं होतं तस्सं. आधी गाडीभोवती फेरी मारून टायर बघितले. वर चढलो, आरसे नीट केले, सीटबेल्ट लावला. यार्ड मोकळं होतं तरी वळताना इंडिकेटर दिला, वळल्यावर बंद केला. भिंतीला रिव्हर्स लावताना तीनदा खाली उतरून मागं किती जागा आहे ते बघून आलो. म्हटलं, बघू दे शेठला, आठ वर्षांचा अनुभव कसा असतो ते! खाली उतरलो तेव्हा शेठ खोकत होते. मला वाटलं शेंगदाणा अडकला असेल.

"उद्या सकाळी ये," ते म्हणाले. "चाकणला माल न्यायचाय. फेरी नीट झाली तर नोकरी पक्की. न्हाई झाली तर आपला राम राम."

शुक्रवारी सकाळी मी निघालो. मागं प्लास्टिकच्या निळ्या पेट्यांमधून गाड्यांचे सुटे भाग, पुढं मी आणि माझी आठ खोटी वर्षं. तळवडे, महाळुंगे, सगळा रस्ता कंटेनर, बस, कंपनीच्या शिफ्टला पळणाऱ्या दुचाक्या, आणि त्यांच्यामधून मी! खोटं कशाला बोलू, त्या उंच सीटवरून सकाळचं ऊन डोळ्यांवर आलं आणि मी एकट्यानंच मोठ्यानं गाणं म्हणायला सुरुवात केली. मेव्हण्याच्या खुर्च्या इथून फार लहान दिसत होत्या.

कंपनीचं गेट नंबर दोन. गेटवर सूर्यवंशी नावाचे सिक्युरिटी गार्ड. मिशा अशा, की आधी मिशा येतात आणि मागून सूर्यवंशी. लातूरकडचे. त्यांनी मला माल उतरवायच्या धक्क्याला गाडी लावायला सांगितलं आणि शिट्टी तोंडात धरून मागं उभे राहिले.

मी रिव्हर्स घेतला. उतरून बघितलं. परत घेतला. परत उतरून बघितलं. पाचव्यांदा उतरलो तेव्हा सूर्यवंशींनी शिट्टी तोंडातून काढून खिशात ठेवली. सहाव्यांदा गाडी लागली. मी घाम पुसून खाली आलो, तर ते समोर हात पुढं करून उभे.

"लायसन."

दिलं. त्यांनी लायसनकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मग परत लायसनकडं. मग परत माझ्याकडं, जरा वाकून.

"चावी द्या."

"काय?"

"गाडीची चावी द्या म्हणलं. आन् तिकडं जाऊन बसा खोलीत. सेफ्टीच्या मॅडमला दाखवायचंय हे."

लायसनही गेलं आणि चावीही गेली! सहा वेळा रिव्हर्स घेताना या माणसानं मला पाहिलं, लायसनवरची ताजी तारीख बघितली, दोन आणि दोन चार केले आणि चावी जप्त केली. आता विचारायचं तरी कसं, की बाबा चावी का घेतली? जुना ड्रायव्हर कुणाला काही विचारत नसतो! त्याला सगळं ठाऊक असतं.

ड्रायव्हरांच्या खोलीत बाकावर एकच माणूस होता, बाकीचे कँटीनला गेले असतील. तोंडावर गमछा घेऊन आडवा पडलेला. मी कडेला टेकलो. मिनिटं मोजली. शेवटी राहवेना, म्हणून आडून विचारलं.

"किती वेळ ठेवतात हो इथं?"

गमछ्याखालून आवाज आला. "त्यांच्या मनावर हाय. मागच्या टायमाला सकाळी बसवलं ते संध्याकाळी सोडलं."

"बापरे! काय केलं होतं तुम्ही?"

"मी काय करणार? बसलो."

"घरी कळवलं होतं?"

"कशाला? बायकोला सवय हाय."

मी जरा दूर सरकलो. काय निर्ढावलेला माणूस होता हो! माझ्या डोळ्यांसमोर सुजाता आली. दादा आले, मान खाली घातलेले. मेव्हणा आला, हातात खुर्ची घेऊन. म्हटलं, विलास, अजून वेळ गेलेली नाही. आपणहून सांगितलं तर माणसं माफ करतात. मोठ्या मनानं कबूल कर.

आणि गेलो की मी सूर्यवंशींच्या केबिनच्या खिडकीशी!

"मामा, चुकलो मी."

ते वहीत काहीतरी लिहीत होते. वर बघून म्हणाले, "काय चुकलं?"

"खोटं बोललो. पण पोटासाठी बोललो."

पेन थांबलं. "काय खोटं बोललात?"

"सगळंच."

अहो, माणूस ताडकन उठून उभा राहिला! आत्तापर्यंत "बसा" म्हणत होता तो एकदम अरेतुरेवर आला. "गाडीत काय हाय बे? खरं सांग!" असं म्हणत बाहेर आला आणि वॉकीटॉकीवर ओरडला, "मॅडम, गेट दोनला या! माल उतरवू नका! ड्रायव्हर काहीतरी कबूल करायलाय!"

माल उतरवायला निघालेला फोर्कलिफ्ट जागच्या जागी थांबला. दोन हमाल हातातलं काम टाकून आले. पिवळं हेल्मेट घातलेल्या सेफ्टी ऑफिसर मॅडम जवळजवळ पळतच आल्या. वयानं माझ्यापेक्षा लहान, पण आवाजात शाळेतल्या बाईंचा धाक.

"काय झालं? मालासोबतचं चलन खोटं आहे? माल कमी आहे का?"

"नाही मॅडम, माल बरोबर आहे. माणूस खोटा आहे."

बोललो आणि मलाच वाटलं, काय सुंदर वाक्य बोललो आपण. मॅडमनी मात्र सूर्यवंशींच्या हातातलं लायसन ओढून घेतलं.

"म्हणजे हे लायसन तुमचं नाही?"

"तरी मला डाउट आलाच होता!" सूर्यवंशींच्या मिशा थरथरल्या. "फोटोत दाढी हाय, ह्याला न्हाई! दोनदा बघितलं म्या!"

आता सांगा, त्या माणसानं लायसनकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं का पाहिलं होतं? दाढीमुळे! सुजातानं काढायला लावलेल्या दाढीमुळे! पण तेव्हा माझं डोकं ठिकाणावर कुठं होतं?

"जन्मतारीख सांगा," मॅडम म्हणाल्या.

घाबरलो आणि तोंडातून भलतीच तारीख आली.

"इथं तर वेगळीच लिहिलीये!"

"ती बायकोची आहे, मॅडम."

"लायसन बायकोचं आहे?"

"नाही हो, तारीख! लायसन माझंच आहे. मीच आहे तो. दाढी काढलीये फक्त."

"मग खोटं काय आहे?"

"ते शेठला माहीत नाही."

झालं. "लावा यांच्या शेठला फोन," मॅडम म्हणाल्या. सूर्यवंशींनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. फोर्कलिफ्टवालाही खाली उतरून ऐकायला आला. ज्या एका माणसाला काही कळू नये म्हणून मी एवढा उपद्व्याप केला होता, त्यालाच या लोकांनी माझ्याच कृपेनं फोन लावला होता!

"बोला मॅडम," नानाशेठचा आवाज आला. शेंगा फोडल्याचाही आला.

"तुमचा ड्रायव्हर म्हणतोय की तो खोटा आहे."

"विलास? न्हाई वो, खरा हाय. आमीच पाठवलाय. काय झालं?"

माझा बांध फुटला. "शेठ, आठ वर्षं नाहीत! आठ दिवससुद्धा नाहीत! कालची तुमच्या यार्डातली चक्कर ही शाळा सोडल्यानंतरची माझी पहिली चक्कर होती! यांनी मला बरोबर ओळखलं आणि चावी काढून घेतली. शेठ, गाडी तुमची आहे, माल त्यांचा आहे, मला फक्त बसनं घरी जाऊ द्या!"

पलीकडून शेठ म्हणाले, "आरं, ह्ये सांगाया कंपनीचा माल आडवून ठिवलास व्हय?"

"म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?"

"माज्या यार्डात काल कुत्रं न्हाई, मांजर न्हाई, आन् तू वळताना इंडिकेटर दिला! बेल्ट लावला! तीनदा उतरून मागं बघितलंस! आठ वर्सांचा ड्रायव्हर आसं करतो व्हय रं? हासून हासून ठसका लागला मला. तवाच कळलं, ह्ये शाळंतनं सरळ माज्या दारात आलंय."

"मग घेतलंत कशाला, शेठ?"

"ही मॅडम हाय ना तिथं, तिला इचार. म्हैना झाला, रोज फोन करती. नियम पाळणारा ड्रायव्हर पाठवा, नियम पाळणारा पाठवा. आता नियम बी पाळणारा आन् अनुभव बी असणारा कुठनं आणू मी? दोन्हीतलं एकच घावतंय. म्हणलं, अनुभव काय, चालवून येतोय."

मॅडमनी माझ्याकडं वेगळ्याच नजरेनं पाहिलं. "पाच वेळा उतरून बघणारे म्हणून मघाशी वॉकीटॉकीवर सांगितलंत, ते हेच का?" त्यांनी सूर्यवंशींना विचारलं. सूर्यवंशींनी मान हलवली. "यांनाच पाठवत जा," त्या फोनला म्हणाल्या.

मला काय आनंद झाला म्हणता! डोळेच भरले. पण एक शंका राहिली होती ना. आणि शंका माझ्या पोटात राहते थोडीच?

"मग मामा, चावी का काढून घेतलीत माझी?"

सूर्यवंशींनी केबिनचं दार पूर्ण उघडलं. आतल्या भिंतीवर एक फळी, फळीवर खिळे आणि प्रत्येक खिळ्याला एकेक चावी. चांगल्या दहाबारा तरी असतील.

"सगळ्यांच्याच घेतो," ते म्हणाले. "माल उतरवताना आत फोर्कलिफ्ट असतोय. कुणी मधीच गाडी पुढं घेतली तर माणूस मरंल. माल उतरला की चावी माघारी. चाकणात शेंबडं पोरगं बी सांगंल हे."

मागून आवाज आला. बाकावरचा तो माणूस गमछा खांद्यावर टाकून दारात उभा होता. सगळं ऐकत होता लेकाचा!

"काय भावा," तो म्हणाला, "आठ वर्षांत तुझी चावी कुणीच घेतली नाही व्हय?"

फोर्कलिफ्टवाला हसत हसत खाली बसला. मॅडमनी हेल्मेट पुढं ओढलं. फोनवर नानाशेठना परत ठसका लागला.

माल उतरला, चावी मिळाली, मी परत निघालो. येताना तळवड्याच्या चौकात सिग्नलला थांबून सुजाताला फोन... नाही, नाही, गाडी चालवताना फोन करत नसतो मी. चौक ओलांडला, गाडी बाजूला घेतली, इंडिकेटर दिला, मग फोन केला. म्हटलं, "नोकरी पक्की!" पलीकडून मग नाक ओढल्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, "आता दाढी वाढवलीत तरी चालेल."

यार्डात पोचलो तर नानाशेठ पायरीवरच. शेजारी दत्ता, हातात चहाचे तीन ग्लास घेऊन. माझ्याकडं बघून त्यानं हळूच डोळा मारला. गड फत्ते झाला म्हणून!

"ये अनुभवी," शेठ म्हणाले. "चहा घे. सोमवारपासनं ही गाडी तुजी."

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी खांद्याला धरून उठवलं. "पाया नगं पडू. खोटं बोललास, पर टिकवता आलं न्हाई तुला, ह्ये बरं झालं. आसाच माणूस गाडीवर बरा. आन् ती आठ वर्सं तुला शिकवली कुणी, त्ये मी इचारणार न्हाई. झालं गेलं गंगेला मिळालं."

केवढ्या मोठ्या मनाचा माणूस! मीही छातीवर हात ठेवून म्हणालो,

"शेठ, तुम्ही विचारलंत तरी दत्ताचं नाव माझ्या तोंडून मरेपर्यंत निघणार नाही!"

दत्ताच्या हातातला एक ग्लास पडला. उरलेले दोन नानाशेठनी वेळेवर काढून घेतले, म्हणून वाचले.

आता दोन वर्षं होत आली. नोकरी छान चाललीये. अजून वळताना इंडिकेटर देतो, अजून उतरून मागं बघतो, मागच्या महिन्यात मेव्हण्याच्या मंडपाचं सामानसुद्धा मीच पोचवलं, सीटवर बसून. गेट नंबर दोनला चावी देताना सूर्यवंशी न चुकता विचारतात, "काय कबूल करायचंय का आज?" दत्तालाही शेठनी काही केलं नाही. फक्त आठ दिवस रोजचा चहा त्याला आणायला लावला. एका खोट्या वर्षाला एक दिवस.

तो आता येईलच इथं. बघा, गाडी लावतोय तिकडं. हे सगळं मी तुम्हाला सांगितलं, असं त्याला बिलकूल सांगू नका हं. मी शपथ घेतलीये त्याच्यासमोर, परत कुणाला सांगणार नाही म्हणून.

बरं, राहू द्या. तुम्ही नाही सांगितलंत तरी तो बसला की मीच सांगेन.